पाळी गेली, थकवा राहिला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बाईची पाळी कायमची थांबते त्या वयाला उर्दूत ‘सिन्न-ए-यास’ म्हणतात. सिन्न म्हणजे वय आणि यास म्हणजे निराशा, आशा सुटणं. शब्द मूळचा अरबी. कुरआनात तलाकनंतरच्या इद्दतीचा काळ सांगताना, पाळी येण्याची आशा ज्यांनी सोडली आहे अशा स्त्रियांचा उल्लेख येतो, तिथे हीच ‘यास’ आहे. मराठीत आपण ‘रजोनिवृत्ती’ म्हणतो. निवृत्ती! जिल्हा परिषदेतून निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाल-नारळ मिळतो, चार लोक बरं बोलतात, पेन्शन सुरू होतं. ही निवृत्ती काही तशी नाही. जपानी बायका ‘कोनेन्की’ म्हणतात, त्यात नव्याने होण्याचा अर्थ आहे. इंग्रजीतला ‘मेनोपॉज’ फ्रेंचांकडून आला. द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ साली महिना आणि थांबणं या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो वापरला. आपल्या सुश्रुतसंहितेने तर सरळ हिशेबच मांडून ठेवला आहे : बाराव्या वर्षी सुरू, पन्नाशीत बंद.

आमच्या वऱ्हाडात एवढे मोठे शब्द कोणी वापरत नाही. ‘पाळी गेली’ म्हटलं की झालं. पण त्या वाक्याच्या मागोमाग, श्वासही न घेता, बाई दुसरं वाक्य बोलते : ‘आंगात जीवच नाई राह्यला वं माय.’ आमच्या मोहल्ल्यातल्या बाया तेच त्यांच्या बोलीत सांगतात, ‘हात-पाँव में दम नई.’ पुस्तकात या वयाचं पहिलं लक्षण म्हणून अंगातून निघणाऱ्या गरम वाफा लिहिलेल्या असतात. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, आतली वाफ कोणती आणि बाहेरची कोणती हे कोणी ओळखून दाखवावं! बाया वाफेबद्दल हसून बोलतात. थकव्याबद्दल बोलताना मात्र हसत नाहीत.

मी कविता लिहिते, डॉक्टर नाही. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण गेली काही वर्षं मी स्वतः हार्मोनच्या गोळ्या घेते आहे आणि त्या घेत असतानाही थकलेली राहिले आहे. म्हणून या गोळीचा इतिहास वाचायला घेतला. त्या इतिहासात बाईच्या थकव्याचं पुढे काय झालं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात घरापासून करते. अकोल्यात आमचं घर आणि शेजारच्या काकूंचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. काकूंना महिन्यातून एकदा ‘कावळा शिवायचा’ आणि त्या तीन-चार दिवस मागच्या पडवीत बसायच्या. चूल नाही, पाणी भरणं नाही, देवघर नाही. त्या पडवीतला अपमान मी लहान असूनही पाहिला आहे. त्यांचं ताट वरून वाढलं जायचं. त्या प्रथेची बाजू घ्यायला मी इथे आलेली नाही. पण एक गोष्ट खरी : वर्षभरात काकूंची पाठ दिवसा जमिनीला टेकायची ती त्याच दिवसांत. त्यांची पाळी गेली तेव्हा घरात त्यांचा मान वाढला. पापड-लोणची, सणाचा स्वयंपाक, देवाचं सगळं त्यांच्या हाती आलं. महिन्याचे तीसही दिवस आले.

आमच्याकडे पडवी नव्हती. त्या दिवसांत नमाज माफ, रोजे नंतर भरून काढायचे. चूल मात्र कधीच माफ नव्हती. अम्मीने पाळी गेल्यावरच्या पहिल्या रमजानमध्ये सलग सगळे रोजे धरले, एकही खंड नाही, आणि तिला त्याचा फार आनंद झाला होता. सहरीचा स्वयंपाक करायला ती पहाटे तीनला उठायची आणि इफ्तारची भांडी घासून रात्री अकराला आडवी व्हायची. त्या महिन्यात तिला जानमाजवर बसल्या बसल्या झोप लागलेली मी पाहिली आहे. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाळीबरोबर सुटीही गेली होती. भारतात पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत एक्कावन्नच्या आसपास. आपल्याकडे हे वय म्हणजे मुलींची लग्नं, सुनांची बाळंतपणं आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं एकदमच येण्याचं वय.

आता गोळीकडे येते. तिची गोष्ट सुरू होते एका थकलेल्या पुरुषापासून. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाचे बहात्तर वर्षांचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ होते. वयाने त्यांना थकवा आला होता. त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत जाहीर केलं की माझी ताकद परत आली, मी पुन्हा जिने धावत चढतो. तो अर्क निरुपयोगी होता हे पुढे सिद्ध झालं. तरी लक्षात घ्या, म्हाताऱ्या पुरुषाचा थकवा हा विद्वानांच्या सभेत मांडण्याचा विषय होता. त्याला कोणी ‘वय झालं’ म्हणून घरी पाठवलं नाही.

त्याच वाटेने बायकांसाठीही शोध सुरू झाला. १८९०च्या दशकात जर्मनीत गायीच्या अंडाशयाची वाळवलेली पूड औषध म्हणून विकली जात होती. ‘हार्मोन’ हा शब्दच १९०५चा, लंडनच्या स्टार्लिंग यांचा. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे स्त्री-हार्मोन, म्हणजे इस्ट्रोजेनचा एक प्रकार, वेगळं काढलं. कशातून? गरोदर बायकांच्या लघवीतून. पण तेवढ्या लघवीवर कारखाना चालत नाही. मग गाभण घोड्या सापडल्या. त्यांच्या मूत्रातून काढलेली ‘प्रेमारिन’ ही गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. नावातच तिचं मूळ आहे : गाभण, घोडी आणि मूत्र या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून ते केलं आहे. आमच्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणून का त्या गोळ्या खाऊन बाया धावत्यात!’

धावायला लावलं खरं, पण जाहिरातींनी. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहिलं. पाळी जाणं हा एक कमतरतेचा रोग आहे, मधुमेहात इन्सुलिन देतात तसं बाईला जन्मभर इस्ट्रोजेन द्यावं, नाही तर ती कोमेजते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुस्तक हातोहात खपलं. विल्सन यांना औषध कंपन्यांचे पैसे मिळत होते, हे पुढे उघड झालं. त्या काळातल्या डॉक्टरांसाठीच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत बाईपेक्षा तिच्या नवऱ्याचीच काळजी जास्त दिसते : बायको चिडचिडी राहणार नाही, हसतमुख राहील. बाई थकलेली आहे ही तक्रार तिथेही होती. पण ती तक्रार तिची राहिली नव्हती, तिच्यासोबत राहणाऱ्या माणसाची झाली होती.

१९७५ मध्ये पहिला धक्का बसला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बराच वाढलेला दिसला. यावर उपाय सापडला : ज्यांचं गर्भाशय शाबूत आहे त्यांना सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं हार्मोन द्यायचं. आजही तीच रीत आहे. दुसरा धक्का जुलै २००२चा. अमेरिकन सरकारच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोनं दिली होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षांनंतर हा प्रयोग मध्येच थांबवला गेला. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ आणि पक्षाघाताचे आठ रुग्ण जास्त निघाले, खुब्याचं हाड मोडण्याचे पाच कमी निघाले. जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. पुढे लक्षात आलं की अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. पाळी गेल्यावर लगेच, साठीच्या आत सुरू करणाऱ्या निरोगी बाईचा हिशेब वेगळा, आणि तिच्या बाबतीत फायदा बहुधा जास्त, असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवरचे ठळक चौकटीतले बरेचसे इशारे काढण्याचं जाहीर केलं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या आहेत, यकृताचा मोठा आजार आहे त्यांनी मात्र गोळी घेऊ नये, हे कायम आहे.

या गदारोळात एक निकाल कोणी वाचलाच नाही, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याच अभ्यासात बायकांना विचारलं होतं : तुम्हाला अंगात जोर वाटतो का, थकवा वाटतो का, मन कसं आहे, झोप कशी आहे? त्याची उत्तरं २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. वाफांचा त्रास असलेल्या पन्नाशीतल्या बायकांच्या वाफा गोळीने कमी झाल्या, झोप थोडी सुधारली. पण उत्साहात, अंगातल्या जोरात, पोकळ गोळी घेणाऱ्या आणि खरी गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. ज्या थकव्याचं नाव घेऊन गोळी साठ वर्षं विकली गेली, तो थकवा तिच्याने हलला नाही. रात्री घामाने चिंब होऊन चारदा उठणाऱ्या बाईला गोळीमुळे झोप मिळते आणि त्या झोपेपुरता थकवा उतरतो. बाकीच्या थकव्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ते शोधायला आपल्याकडे जागा कोणती होती? अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावं व्हाइसरॉयच्या बायकांची. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर, दाया आणि दवाखाने मिळावेत म्हणून निधी उभा केला. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं काम होतं, हे मी कृतज्ञतेने सांगते. माझ्या ओळखीच्या अर्ध्या घरांतली मुलं या दोन दवाखान्यांत जन्मली आहेत. पण स्त्रियांचा दवाखाना म्हणजे बाळंतपणाचा दवाखाना, हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं झालं. पन्नाशीची बाई तिथे जाते ती सुनेचा डबा घेऊन. सरकारी मोजणीतही तसंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची पाहणी पंधरा ते एकोणपन्नास या वयाची होते. २०१९ ते २१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. पन्नासावं लागलं की बाई त्या मोजणीतूनच बाहेर.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची घरातल्या बाईमाणसाच्या विश्वासाने तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली आणि जगभर गाजली. त्यातल्या ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. गर्भारपण आणि नसबंदी यांच्यापलीकडे खेड्यातल्या बाईला शरीर आहे, हे त्या पाहणीने डॉक्टरांना सांगितलं. आपल्या खेड्यांत बाई ‘अंगावरून पांढरं जातं’ हे सहसा आधी सांगत नाही. ती ‘अशक्तपणा आहे’ म्हणते. थकवा हा शब्द तिच्यासाठी दारावरची कडी आहे. ती वाजवते आणि कोणी आत बोलावतं का ते पाहते. बहुतेक ठिकाणी आतून आवाज येतो, ‘टॉनिक घ्या.’

कधी याहून वाईट होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीचे दिवस आणि अंगावरून जाणं यात मजुरी बुडते, खाडा पडला तर दंड बसतो, म्हणून दुखणंच काढून टाकायचं. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका पुष्कळ होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर त्याच दिवशी ‘सिन्न-ए-यास’ लागतो. अंडाशयं ठेवली तरी पुष्कळदा तो लवकर येतो. खरं म्हणजे एवढ्या लहान वयात अंडाशयं गेलेल्या बाईला हाडांसाठी आणि हृदयासाठी हार्मोन देणं योग्य, यावर डॉक्टरांचं एकमत आहे. म्हणजे ज्यांना गोळीची गरज सगळ्यांत जास्त त्यांना तिचं नावही ठाऊक नाही, आणि त्या डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असतात.

माझं सांगते. बावन्नाव्या वर्षी एका डॉक्टरने तीन मिनिटांत ‘या वयात असं होतंच’ म्हणून चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी हार्मोन सुरू केलं. महिन्याभरात वाफा गेल्या, झोप आली, आणि मी तरीही सकाळी उठून पलंगाच्या कडेला दहा मिनिटं बसून राहायचे. हातात चहाचा कप जड वाटायचा. दोन ओळी लिहिल्या की तिसरी सुचण्याआधी डोळे मिटायचे, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२. पाळी जाण्याच्या आधीची दोन-तीन वर्षं जो भरमसाट रक्तस्राव होतो, त्यात शरीरातलं लोह निघून जातं आणि पाळी गेली तरी ते आपोआप भरत नाही. थायरॉइडही बिघडलेलं निघालं. मी थायरॉइडची गोळी आधीपासून घेत होते. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन रक्तातलं एक प्रथिन वाढवतं, ते थायरॉइडचं हार्मोन बांधून ठेवतं, आणि मग नेहमीचा डोस कमी पडू लागतो. म्हणून हार्मोन सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी थायरॉइड पुन्हा तपासायचं असतं. मैत्रिणींनो, दोन्ही गोळ्या घेत असाल तर एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. कातडीवर लावायच्या पट्टीने असं सहसा होत नाही. प्रोजेस्टेरॉनच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या रात्री झोपतानाच घ्यायच्या. लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही, हे पथ्य मला इतर सगळ्यांपेक्षा कठीण गेलं.

डोस बदलला, लोह भरलं. चार महिन्यांनी मी जिना न थांबता चढले. ब्राऊन-सेकारसाहेबांसारखी सभेत जाहीर करण्याइतकी नाही, पण चढले. उरलेला थकवा कशाचा, हे डॉक्टरबाईंनी एका प्रश्नात काढलं : ‘पहाटेपासून काय काय करता ते सांगा.’ मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या, कागदाची एक बाजू संपली. आता दुपारी दोन ते पावणेतीन मी दार लावून झोपते. घरच्यांना पहिला महिना हे आजारपण वाटलं.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना दिवाळीच्या आसपास दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला बहुतेक बायाच असतात. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे सकाळी लवकर सरीत शिरावं लागतं. मागच्या वर्षी मूर्तिजापूरजवळ एका धुऱ्यावर पाणी प्यायला थांबले तेव्हा माझ्याच वयाची एक बाई कमरेला ओटी बांधून बसली होती. पाळी जाऊन दोन वर्षं झाली म्हणाली, आणि मग पुढचं ते दुसरं वाक्य. मी तिला सांगितलं की हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासतात, पैसे लागत नाहीत. तिला ते माहीत होतं. ती म्हणाली, ‘सकाऊनच जा लागते ना तिथं. अन् वेचनीबी सकाऊनच.’